दाबाने पाणी जाते, जंतू जात नाहीत

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. मसोलीतील एका ओळखीच्या घरी आजोबांचा रक्तदाब पाहण्यासाठी गेलो होतो. तपासणी झाली, चहा आला आणि चहाबरोबर घरातील वहिनींनी एक वस्तू आणून माझ्यापुढे ठेवली. स्टीलची चौकट, मधोमध फिरवायचा स्क्रू, त्याखाली भोके पाडलेला गोल डबा आणि डब्यात बसणारी जाड चकती. मुंबईच्या मुलाने आईसाठी पाठवलेले ते चीज दाबण्याचे यंत्र होते. सोबत इंग्रजीत छापलेली एक पुस्तिकाही होती.

वहिनींची मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिला चांगलेचुंगले खाऊ घालावे ही आईची हौस. परंतु बाजारातील पनीरवर त्यांचा विश्वास उरलेला नव्हता. "डॉक्टर, रोज काहीतरी वाचायला मिळतं. कुठे पकडलं, कुठे ओतून दिलं. पोटुशी पोर आहे, तिला बाहेरचं कशाला द्यायचं? आता घरीच करणार. पुस्तकात लिहिलंय, दूध ताजं घ्या, तापवू नका, म्हणजे चव चांगली येते. आपल्याकडे तर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध येतं. त्याहून ताजं काय असणार?"

मी म्हटले, "वहिनी, यंत्र उत्तम आहे. पण पुस्तकातलं ते एक वाक्य खोडून टाका."

त्यांचा चेहरा उतरला. मायेने मांडलेल्या बेतावर कोणी पाणी ओतले तर वाईट वाटणारच. त्या दिवशी घाईत जे सांगता आले नाही ते आज सविस्तर लिहीत आहे. हे यंत्र आता पुष्कळ घरांत पोहोचू लागले आहे. त्यामुळे वहिनींचा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा राहिलेला नाही.

यंत्र नेमके काय करते?

दुधात आंबट पदार्थ किंवा चीजचे विरजण घातले की दुधातील प्रथिने एकत्र येऊन त्यांचा गोळा होतो आणि हिरवट-पिवळे पाणी वेगळे होते. त्या पाण्याला आपण निवळी म्हणू. गोळ्याच्या पोटातही बरीच निवळी अडकून राहते. ती दाबून बाहेर काढायची आणि सुट्या कणांचा एकसंध ठोकळा करायचा, एवढेच या यंत्राचे काम आहे. आपल्या आया-आज्या श्रीखंडासाठी चक्का फडक्यात बांधून खुंटीला टांगत आल्या. पनीरच्या पुरचुंडीवर वरवंटा किंवा पाण्याने भरलेली कळशी ठेवणारी घरेही आहेत. स्क्रूचे यंत्र हे त्या कळशीचेच सुधारलेले रूप होय. दाब सगळीकडे सारखा पडतो, ठोकळा सरळ येतो, एवढा त्याचा फायदा.

आपल्या शेजारी तर दाब न देता पनीर करण्याची जुनी रीत आहे. इथून उत्तरेला सीमा ओलांडली की संजाण, उदवाडा आणि पुढे सुरत हा पारशी वस्तीचा मुलूख. तिथले 'टोपली नु पनीर' प्रसिद्ध आहे. लहान टोपल्यांत दुधाचा गोळा बसवतात, तो स्वतःच्या वजनानेच निथळतो आणि मग खारट निवळीत तरंगत ठेवतात. लुसलुशीत, थोडेसे खारट असे हे पनीर डहाणूकडील पारशी-इराणी कुटुंबांनाही परिचयाचे आहे. जाणकार लोक त्यासाठी दूध आधी तापवून निववतात आणि मगच विरजण लावतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सांगण्याचा मुद्दा असा की, दाबाने पाणी निघते. जंतू निघत नाहीत. कच्च्या दुधात जे जंतू असतील त्यातले पुष्कळसे दूध फाटताना गोळ्यातच अडकतात. तुम्ही स्क्रू कितीही आवळा, ते आतच राहतात. ठोकळा पांढराशुभ्र दिसतो, वास गोड येतो आणि आपण निर्धास्त होतो. दुधातील रोगजंतूंना बहुधा रंग नसतो आणि वासही नसतो.

ताजे दूध म्हणजे निर्जंतुक दूध नव्हे

आपला हा भाग दुधाला अपरिचित नाही. मुंबईतील तबेले शहराबाहेर नेण्याच्या हेतूने शासनाने दापचरीचा दुग्धप्रकल्प उभारला, त्यासाठी कुर्झे धरणाचे पाणी दिले. त्या प्रकल्पाचा भराचा काळ सरला, तरी म्हशी पाळणारी आणि सुट्या दुधाचा रतीब घालणारी माणसे आपल्याकडे आहेतच. समोर धार काढून घेतलेल्या दुधात पाण्याची भेसळ नसते, हे खरे. परंतु जनावरच आजारी असेल तर धारेबरोबर आजारही भांड्यात उतरतो.

यातील पहिला आजार ब्रुसेलोसिस. पशुपालकांना तो वेगळ्या रूपात ठाऊक असतो: चांगली धडधाकट म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडते. त्यामागे अनेकदा ब्रुसेलाचे जंतू असतात आणि ते दुधातूनही बाहेर पडतात. माणसाला त्यांची बाधा झाली की ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात. आठवडेच्या आठवडे मलेरिया आणि विषमज्वराच्या तपासण्या चालतात. निदान झाले तरी किमान सहा आठवडे औषधे घ्यावी लागतात. या तापाचे जुने नाव माल्टा ताप. माल्टा बेटावर इंग्रज सैनिक या तापाने हैराण होत. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला आणि १९०५ मध्ये झम्मित या माल्टाच्याच डॉक्टरांनी तो शेळ्यांमध्ये असल्याचे दाखवून दिले. सैनिकांना शेळीचे कच्चे दूध देणे बंद झाले आणि त्यांच्यातील ताप झपाट्याने ओसरला. कोणतेही नवे औषध न देता, नुसते कच्चे दूध बंद करून हा फरक पडला.

दुसरा आजार जनावरांचा क्षयरोग. तोही कच्च्या दुधातून माणसाकडे येऊ शकतो. विषमज्वर आणि जुलाबाचे जंतू तर धार काढणाऱ्याच्या हातातून, भांड्यातून किंवा शेणाच्या शिंतोड्यातूनही दुधात पडतात.

तिसरा आजार लिस्टेरिया. वहिनींच्या घरी मला धास्ती वाटली ती याच्यामुळे. हा जंतू गर्भवती स्त्रीला साधासा ताप, अंगदुखी एवढाच त्रास देतो. ती दोन दिवसांत बरीही होते. परंतु पोटातील बाळाला तो सोडत नाही. गर्भपात होतो, मूल मृत जन्मते किंवा जन्मल्यावर काही दिवसांत गंभीर आजारी पडते. शिवाय इतर जंतूंची वाढ फ्रिजमध्ये मंदावते, हा मात्र फ्रिजच्या थंडाव्यातही वाढत राहतो.

१९८५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात काय घडले ते पाहा. मेक्सिकन धर्तीचे ताजे, मऊ चीज खाऊन १४२ जणांना या जंतूची बाधा झाली. त्यातील सुमारे दोनतृतीयांश रुग्ण गर्भवती स्त्रिया किंवा त्यांची बाळे होती. गर्भातील बाळे धरून ४८ जीव गेले. ते चीज यंत्रसामग्री असलेल्या कारखान्यातील होते. तपासात असे दिसले की, पाश्चराइज केलेल्या दुधात न तापवलेले दूध मिसळले गेले असावे. मोठ्या कारखान्यात हे होऊ शकते, तर आपल्या ओट्यावर होणार नाही असे कसे म्हणावे?

मग पुस्तिका तसे का सांगते?

पुस्तिका लिहिणारा खोटारडा आहे असे नाही. परदेशी पद्धतीचे चीज करताना दूध रेनेट नावाच्या विरजणाने जमवतात. पूर्ण उकळलेल्या दुधात हे विरजण नीट लागत नाही, गोळा घट्ट बसत नाही. म्हणून तिकडे दूध न उकळता ६३ अंश सेल्सिअसवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात. जंतू मरतात आणि दूधही चीजसाठी चालते. यालाच पाश्चरायझेशन म्हणतात. काही ठिकाणी कच्च्या दुधाचे चीजही करतात. परंतु तिथे जनावरांची नियमित तपासणी होते आणि चीज थंड कोठारात बराच काळ मुरवतात. अमेरिकेत तर असे चीज किमान ६० दिवस मुरवल्याशिवाय विकता येत नाही. यातले काहीच आपल्या घरात नसते. असते ते फक्त पुस्तिकेतील एक वाक्य.

मुरवलेल्या चीजचा नाद आपण घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चेडरसारखे चीज दहा ते तेरा अंश तापमानाला, ओलसर हवेत, महिनोन्महिने ठेवावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात पंखा लावूनही घामाच्या धारा लागतात, आणि पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवरही बुरशी चढते. फ्रिज त्या कामाला जास्त थंड पडतो. वादळवाऱ्यात वीज गेली की तोही बंद. अशा हवेत ठोकळ्यावर चढलेली बुरशी कामाची की विषारी, हे घरच्या घरी ओळखण्याची सोय नाही. शाकाहारी वाचकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. रेनेट मुळात वासराच्या जठरातून काढत. आता सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेटही मिळते. तेव्हा बाटलीवरील मजकूर वाचल्याशिवाय घेऊ नये.

आपले पनीरच बरे

इतके सगळे वाचून कोणी यंत्र माळ्यावर टाकू नये. ते पनीरसाठी जरूर वापरावे. पनीरला दूध उकळावेच लागते, आणि आपल्याकडे दूध आणले की आधी उकळायचे हा संस्कार पिढ्यान्पिढ्या आहे. विकत घेतलेल्या शीतकपाटापेक्षा या एका सवयीने आपल्या घरांचे अधिक रक्षण केले आहे, असे मी म्हणेन.

कृती सोपी आहे. म्हशीचे एक लिटर दूध ढवळत ढवळत चांगली उकळी येईपर्यंत तापवा. गॅस बंद करून चार-पाच मिनिटे थांबा. एक-दोन लिंबांचा रस गाळून, तेवढ्याच गरम पाण्यात मिसळून, थोडा थोडा घाला. निवळी स्वच्छ दिसू लागली की थांबा. जास्त आंबट घातले तर पनीर कडक आणि आंबूस होते. पाच मिनिटांनी फडक्यावर ओता, फडक्याची घडी यंत्राच्या डब्यात बसवा आणि स्क्रू हळूहळू आवळा. एका लिटरला दोन-तीन किलो वजनाइतका दाब पुरतो. पंधरा-वीस मिनिटांत ठोकळा तयार होतो. एकदम आवळले तर वरचा थर आवळून बसतो आणि आतले पाणी आतच राहते. तासभर आवळून ठेवले तर रबर चावल्यासारखे लागते. म्हशीच्या लिटरभर दुधाचे साधारण दोनशे ग्रॅम पनीर पडते, गाईच्या दुधाचे त्याहून कमी.

आता महत्त्वाचे. दूध उकळले म्हणजे काळजी संपली असे नाही. उकळल्यानंतर जे जे त्या पनीरला लागते, ते पुन्हा जंतू आणू शकते. फडके, हात, यंत्र आणि पाणी ही ती चार ठिकाणे.

फडके दर वेळी पाण्यात उकळून, उन्हात वाळवून ठेवावे. ओट्यावरचे पुसायचे फडके कधीही घेऊ नये. हात साबणाने धुवावेत. बोटावर पिकलेली जखम, फोड किंवा नखुरडे असेल त्या व्यक्तीने पनीरला हात लावू नये. त्या पुवातील जंतू पनीरमध्ये एक विष तयार करतात आणि ते विष नंतर भाजीत उकळूनही जात नाही. दोन-चार तासांत सगळ्या घराला उलट्या सुरू होतात. यंत्राचे भाग सुटे करून गरम पाण्याने धुवावेत. स्क्रूच्या आट्यांत आणि डब्याच्या भोकांत अडकलेले कण जुन्या दातघासणीने काढावेत. लाकडी यंत्र शक्यतो घेऊ नये, कारण लाकूड निवळी पिते आणि आपल्या दमट हवेत ते नीट वाळत नाही.

शेवटची गोष्ट पाण्याची. ठोकळा घट्ट व्हावा म्हणून तो गार पाण्यात सोडतात. ही चूक मी चांगल्या सुशिक्षित घरांत पाहिली आहे: दूध दहा मिनिटे उकळायचे आणि मग पनीर विहिरीच्या किंवा नळाच्या कच्च्या पाण्यात बुडवायचे. पावसाळ्यात त्या पाण्यातून कावीळ, विषमज्वर, जुलाब सगळेच येऊ शकते. पनीर बुडवायचे पाणी उकळून गार केलेलेच हवे. तयार पनीर लगेच फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे. फ्रिज नसेल तर त्याच वेळी शिजवून खावे. निवळी टाकू नये. कणीक भिजवायला किंवा आमटीत ती छान चालते, मात्र तीही त्याच दिवशी वापरावी.

भीतीने नव्हे, समजून खावे

आता थोडे बाजाराविषयी. वहिनींची शंका अगदीच निराधार नव्हती. कायद्याप्रमाणे साध्या पनीरच्या शुष्क भागात किमान निम्मी दुधाची स्निग्धता हवी. दुधाची स्निग्धता काढून वनस्पती तेल घातलेला पदार्थ पनीर म्हणून विकता येत नाही. त्याला ॲनालॉग म्हणतात. तो तसा स्पष्ट लिहून विकला तर बेकायदा नाही, परंतु पनीरच्या नावाने आणि पनीरच्या दराने खपवला तर ती फसवणूक आहे. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या विधानसभेतही या बनावट पनीरचा प्रश्न गाजला. आयोडिनचा थेंब टाकून निळा रंग आला तर पिष्ठ मिसळल्याचे कळते. पण तेल कोणते हे घरी कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. बोटांनी कुस्करून असली-नकली ओळखण्याच्या युक्त्यांवर विसंबू नये.

म्हणूनच मला वाटते की, घरी पनीर करणे ही हौस असावी, नाइलाज असू नये. प्रत्येक आईने स्वयंपाकघरात कारखाना उघडावा आणि प्रयोगशाळाही चालवावी, ही अपेक्षा योग्य नाही. तालुक्यातील दुकानांतून आणि हॉटेलांतून नियमित नमुने घेतले जावेत आणि त्यांचे निकाल लोकांना कळावेत. दूध सुरक्षित हवे तर गोठ्यापासून सुरुवात करावी लागेल. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या गाई-म्हशींच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस देण्याची तरतूद आहे. आपल्या पशुपालक बांधवांनी ती आठवणीने टोचून घ्यावी. म्हैस गाभडली तर पशुवैद्यकांना दाखवावे, पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलू नये. आणि रतीब घेणाऱ्यांनीही दूधवाल्याला एवढे विचारावे की, वासरांना लस दिली का? गिऱ्हाइकाने विचारले की गोष्टी हलतात.

आणखी एक गैरसमज दूर करतो. गर्भवतीला किंवा अशक्त मुलाला पनीरच हवे असे मुळीच नाही. पनीरमध्ये प्रथिने भरपूर, हे खरे. पण ती दुधातूनच आलेली असतात. उकळलेले दूध, घरचे दही, अंडे, डाळ-उसळ, आपल्या किनाऱ्यावरची ताजी, नीट शिजवलेली मासळी, यांतून तीच गरज कमी पैशांत भागते. म्हशीच्या पनीरमध्ये स्निग्धता बरीच असते, तेव्हा हृदयविकाराच्या आणि स्थूल रुग्णांनी बेतानेच खावे. खारवलेले पनीर रक्तदाबवाल्यांनी टाळावे. यंत्र नाही म्हणून कोणाचे मूल अशक्त राहत नाही.

मसोलीच्या वहिनींनी मला शेवटी विचारले होते, "मग डॉक्टर, हे मुलाला परत पाठवू का?" मी म्हटले, "नका पाठवू. दूध उकळा, फडकं उकळा, पाणी उकळा, आणि मग खुशाल स्क्रू आवळा." पुढच्या आठवड्यात त्यांनी मटार-पनीर केले. मुलीने पोटभर खाल्ले. तिला श्रावणात मुलगी झाली, दोघीही सुखरूप आहेत. पुस्तिकेतील ते वाक्य वहिनींनी शाईने खोडले असून समासात मराठीत 'आधी उकळणे' असे लिहून ठेवले आहे. ज्यांच्या घरी असे यंत्र आले असेल त्यांनी तेवढे जरूर करावे.